मुद्देमाल

कुठल्याही पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगाला एक कोपरा असतो. गंजलेल्या मोटारसायकली, टप फाटलेली रिक्षा, दार निखळलेलं कपाट. प्रत्येक वस्तूला सुतळीने बांधलेला कागद आणि कागदावर गुन्ह्याचा नंबर. हा मुद्देमाल. खटल्याचा निकाल लागेपर्यंत तो सांभाळायचा असतो, पण बहुतेकदा त्याचाच निकाल आधी लागतो. मोटारसायकलीला त्याचं सुखदुःख नसतं, म्हणून आपल्यालाही नसतं.

२५ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, सरी काउंटीतल्या मूनलाइट रोडवरच्या एका घरावर छापा पडला. पोलीस आले होते अमली पदार्थांच्या तपासासाठी. त्यांना हवा असलेला तरुण घरमालकाच्या नात्यातला होता. मागच्या झाडीत शिरल्यावर मात्र त्यांना काळ्या रंगाने रंगवलेल्या शेड दिसल्या आणि साखळ्यांनी बांधलेली कुत्री दिसली. मोजली तेव्हा ६६ भरली. त्यातली पन्नासेक पिटबुल होती.

मोटारींचे जुने आस जमिनीत उभे पुरले होते आणि साखळ्या त्या आसांना अडकवल्या होत्या. आस फिरतो, म्हणून कुत्रं गोल गोल फिरलं तरी साखळीला पीळ बसत नाही. दोन आसांमधलं अंतर असं मोजलेलं की शेजारचं कुत्रं दिसावं, पण त्याच्यापर्यंत तोंड पोहोचू नये. दिवसभर पाहायचं, भुंकायचं, साखळी ताणायची. पळवण्यासाठी ट्रेडमिल होत्या, इंजेक्शनच्या सुया होत्या आणि माजावर आलेल्या मादीला जखडून ठेवायची एक चौकट होती. हे सगळं कुणीतरी डोकं लावून, पैसे खर्चून उभं केलेलं होतं.

घर होतं मायकेल व्हिकचं. अमेरिकन फुटबॉल आपल्याला परका आहे, म्हणून एवढंच सांगतो की २००४ साली अटलांटा फाल्कन्स या संघाने त्याच्याशी दहा वर्षांसाठी तेरा कोटी डॉलरचा करार केला होता. मुलांच्या पाठीवर त्याच्या नावाचे आणि सात आकड्याचे शर्ट असत. जुलैत आरोपपत्र आलं, ऑगस्टमध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि १० डिसेंबर २००७ रोजी त्याला २३ महिन्यांची शिक्षा झाली. जी कुत्री झुंजीत कमी पडत त्यांना गोळी घातली जाई, फास दिला जाई, पाण्यात बुडवलं जाई, विजेचा झटका दिला जाई किंवा जमिनीवर आपटून मारलं जाई. हे सगळं कागदपत्रांत आहे. मी ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं नाही.

इथवरची गोष्ट त्या वेळी जगभरच्या वर्तमानपत्रांनी सांगितली. माझा जीव अडकला तो तिच्या उरलेल्या अर्ध्या भागात. त्या कुत्र्यांचं पुढे काय झालं?

साधारण रिवाज असा होता की काहीच होत नसे. झुंजीच्या अड्ड्यावरून धरलेलं कुत्रं म्हणजे जप्त केलेला गावठी कट्टा. खटला चालेपर्यंत पिंजऱ्यात, खटला संपला की सुई. त्या वेळी अमेरिकेतल्या दोन बलाढ्य प्राणिसंस्थांनी, ह्यूमेन सोसायटीने आणि पेटाने, ही कुत्री मारून टाकावीत असंच मत दिलं. त्यांना दुष्ट म्हणून मोकळं होता येत नाही. देशभरच्या निवाऱ्यांत कुणाचं काही न बिघडवलेली कुत्री केवळ जागेअभावी रोज मरत होती. मग झुंजीत मुरलेल्या पन्नासांवर पैसा आणि माणसं का घालायची? प्रश्न कडू आहे, पण खोटा नाही.

यांना वाचवलं ते मालकाच्या प्रसिद्धीने. याच गोष्टीची मला सगळ्यात जास्त गंमत वाटते, गंमत म्हणावं की नाही कळत नाही. गुन्हा एखाद्या अनोळखी माणसाचा असता तर ही कुत्री चार महिन्यांत संपली असती. व्हिकचं नाव असल्यामुळे सरकारी वकिलांवर पत्रांचा पाऊस पडला आणि न्यायालयालाही घाईने विषय मिटवणं अवघड झालं. सप्टेंबर २००७ मध्ये एएसपीसीए या संस्थेच्या पुढाकाराने जाणकारांचं एक पथक व्हर्जिनियात आलं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये फक्त पिटबुलसाठी काम करणाऱ्या बॅड रॅप या छोट्या संस्थेची माणसंही त्यात होती. कुत्री वेगवेगळ्या काउंट्यांच्या निवाऱ्यांत विखुरलेली होती, बहुतेकांना नाव नव्हतं. निवाऱ्याच्या ठिकाणाचं नाव आणि पुढे आकडा, हीच ओळख. सुतळीला बांधलेला कागद.

४९ कुत्री तपासली गेली. खायला घालून ताटलीत प्लास्टिकचा हात घातला, लहान मुलाएवढी बाहुली समोर आणली, दुसरं कुत्रं आणून उभं केलं, अंगाला हात लावून पाहिलं. या परीक्षांना मर्यादा आहेत. निवाऱ्यातल्या गोंगाटात भेदरलेलं कुत्रं घरात कसं वागेल हे प्लास्टिकच्या हातावरून सांगता येत नाही, हे असल्या परीक्षा घेणारेही आता कबूल करतात. पण आजवर जो प्रश्नच विचारला गेला नव्हता तो निदान विचारला गेला: हे कुत्रं कसं आहे?

उत्तराची अपेक्षा होती रक्तपिपासू जनावरांची. प्रत्यक्षात पिंजरा उघडल्यावर अनेक कुत्री जमिनीला चिकटली. पोट टेकलेलं, पाय पसरलेले, मान खाली, डोळे मिटलेले. ओढून बाहेर काढलं तरी तशीच. बॅड रॅपच्या लोकांनी त्यांना पॅनकेक म्हणायला सुरुवात केली, आपण घावन म्हटलं असतं. काही कुत्री शेपूट हलवत अंगावर उड्या मारणारी निघाली, जणू काही झालंच नव्हतं. एक मादी मात्र वारंवार व्यालेली, इतकी की माणूस जवळ आला की तुटून पडे. तिला सुई द्यावी लागली. आणखी एक कुत्रं आजाराने हाताबाहेर गेलं होतं. ४७ उरली.

न्यायालयाने या ४७ जणांसाठी पालक नेमला. व्हॅलपरायझो विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापक रिबेका हस यांच्याकडे ऑक्टोबरमध्ये हे काम आलं. कोणतं कुत्रं कुणाकडे जाईल, थेट घरात जाईल की आधी आश्रमात, घरात गेलं तर किती दिवस नजरेखाली राहील, सगळं त्यांनी एकेकाचं पाहून ठरवायचं. आणि व्हिकने कुत्र्यांच्या देखभालीसाठी ९,२८,०७३ डॉलर भरायचे. मुद्देमालाच्या पोटगीचा हुकूम निघाला होता! आठ संस्थांनी मिळून कुत्री वाटून घेतली. बॅड रॅपने दहा नेली. ज्यांच्याविषयी सगळ्यात जास्त शंका होती अशी २२ कुत्री बेस्ट फ्रेंड्स या संस्थेकडे गेली. जानेवारी २००८ च्या पहिल्या आठवड्यात ती युटा राज्यात कनाब गावाजवळच्या लाल कड्यांच्या दरीत पोहोचली.

पुनर्वसन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मांडीवर डोकं ठेवलेल्या कुत्र्याचा फोटो येतो. त्या फोटोपर्यंतचा रस्ता फार कंटाळवाणा असतो. रोज त्याच वेळी तेच माणूस येऊन पिंजऱ्यापाशी पुस्तक वाचत बसतं. कुत्र्याकडे बघत नाही, हात पुढे करत नाही. चौथ्या आठवड्यात कुत्रं कोपऱ्यातून दोन पावलं पुढे येतं, आणि वहीत तेवढंच लिहिलं जातं. आश्रमात गळपट्ट्याच्या रंगाची पद्धत होती. लाल पट्टा म्हणजे फक्त शिकलेल्या कर्मचाऱ्यानेच हाताळायचं, हिरवा म्हणजे कुणीही. लालावरून हिरव्यावर यायला कुणाला महिने लागले, कुणाला वर्षं. त्यातल्या बऱ्याच जणांना घरी पाठवण्याआधी कुत्र्यांची सभ्यपणाची एक परीक्षा पास व्हायची अट होती: अनोळखी माणसाशी नीट वागणं, गर्दीतून सरळ चालणं, दुसरं कुत्रं समोर आल्यावर न भडकणं.

जी घरी गेली त्यांना घरच माहीत नव्हतं. जिना म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, भांडं पडलं की कपाटामागे दडायचं, दाराच्या चौकटीतून आत यायला घाबरायचं. त्यातलाच जॉनी जस्टिस पुढे सॅन फ्रान्सिस्कोकडच्या एका वाचनालयात मुलांचं वाचन ऐकायला बसू लागला. अडखळत वाचणाऱ्या मुलाला कुत्रं हसत नाही, चुका काढत नाही, म्हणून मुलं मोकळी होतात. लिओ हा कर्करोगाच्या रुग्णांना भेटायला जायचा. छातीवर जखमांचे वळ असलेला हेक्टर मिनेसोटात रुग्णालयांत आणि शाळांत फिरला. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने डिसेंबर २००८ मध्ये मुखपृष्ठावर एका खेळाडूऐवजी यांच्यातल्या जॅस्मिन या मादीचा चेहरा छापला. या फोटोवरून ती सुधारल्याचं वाटेल, पण जॅस्मिन तेव्हाही दिवसाचा बराचसा वेळ पिंजऱ्याच्या पेटीतच काढत होती, दार उघडं असूनही.

म्हणून मला लुकस आणि मेरिल जास्त महत्त्वाचे वाटतात. लुकस व्हिकचा अजिंक्य झुंजार होता. माणसांवर तो जीव टाकायचा, पण न्यायालयाने त्याला आश्रमाबाहेर कधीच न पाठवण्याचा हुकूम दिला. मेरिल अनोळखी माणसांवर धावून जायची, तिलाही जन्मभर तिथेच राहायचं होतं. दोघंही तिथेच राहिली, तिथेच म्हातारी झाली. यशाच्या गोष्टी सांगणाऱ्यांच्या तोंडी ही नावं मागाहून येतात. मी आधी घेतो, कारण ‘प्रत्येक कुत्रं प्रेमाने सुधारतं’ या गोड वाक्यापेक्षा या दोघांचं आयुष्य खरं आहे. एकेकाचं पाहून ठरवणं याचा अर्थ काहींना ‘नाही’ म्हणणं असाही असतो.

आता पिटबुल म्हणजे नेमकं काय? ही एक जात नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर कुत्री सोडायचा खेळ चाले. १८३५ साली कायद्याने तो बंद पडला आणि शौकिनांनी कुत्र्यांनाच एकमेकांवर सोडायला सुरुवात केली, खोल आखाड्यात, म्हणजे पिटमध्ये. त्यासाठी बुलडॉगची पकड आणि टेरियरची चपळाई एकत्र केली. त्यातून पुढे निघालेल्या तीन-चार नोंदणीकृत जाती, त्यांच्या शेकडो संकरांची पिल्लं आणि रुंद जबडा व आखूड केस असलेलं वाटेल ते कुत्रं, या सगळ्यांना मिळून लोक पिटबुल म्हणतात. त्यांचा जबडा कुलपासारखा अडकतो ही निव्वळ भाकडकथा आहे. कवटीत तसं कुठलंही कुलूप नाही. आणि झुंज सोडवायला माणसाला आखाड्यात उतरावं लागे, म्हणून माणसावर दात काढणारं कुत्रं झुंजवाल्यांना नकोच असे, हा पिटबुलप्रेमींचा आवडता युक्तिवाद. त्यात तथ्य आहे, पण तो फार ताणला जातो.

मराठीत ब्रीडला जात म्हणतात आणि हा शब्द नको तितका चपखल बसतो. कुत्रं चांगलं निघालं तर ‘जातिवंत’, वाईट निघालं तर ‘शेवटी जातीवर गेलं’. गावठी कुत्रं चावलं तर ते कुत्रं चावलं, पिटबुल चावलं तर पिटबुल चावला. आपण माणसांच्या बाबतीत हे किती शतकं केलं, हे इथे उगाळायला नको. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र ते शास्त्र समजून बिनदिक्कत करतो. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वागणुकीची माहिती मालकांकडून घेतली होती आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासली होती. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यातल्या फरकापैकी सरासरी नऊ टक्केच जातीने समजतो, असं त्यात निघालं.

म्हणून जात म्हणजे काहीच नाही असं नव्हे. तीस किलोच्या ताकदवान कुत्र्याने धरलं आणि पॉमेरेनियनने धरलं, यांतला फरक सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. कुत्रं चावेल की नाही याचा अंदाज जात फारसा देत नाही, पण चावलंच तर काय होईल हे शरीरयष्टी सांगते. पिटबुलविषयी बोलणारे दोन्ही बाजूंचे लोक यातलं अर्धंच वाक्य म्हणतात.

नावाचा परिणाम किती होतो पाहा. लिसा गंटर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निवाऱ्यातल्या दिसायला सारख्या कुत्र्यांच्या जोड्या घेतल्या होत्या. एकाच्या कागदावर पिटबुल, दुसऱ्याच्या कागदावर आणखी काही. घर मिळायला पहिल्याला दुसऱ्याच्या तिपटीहून जास्त दिवस लागले. ज्या निवाऱ्याने कागदावरून जातीचा रकानाच काढून टाकला, तिथे अशी कुत्री जास्त संख्येने घरी गेली.

आपल्याकडची गोष्ट व्हर्जिनियासारखी एका छाप्यापासून सुरू होत नाही. ती सुरू होते पिल्लाच्या फोटोपासून. मनगटात कडं घातलेला तरुण, हातात साखळी, साखळीला कान कापलेला पिटबुल. कान कापणं हा भूल दिली तरी क्रूरपणाच आहे. प्राण्यांना झुंजवणं तर १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यापासून गुन्हा आहे. तरी पंजाब-हरयाणाकडच्या फार्महाउसांवर कुत्र्यांच्या झुंजी होत असल्याच्या बातम्या येत राहतात. बाकीचे पिटबुल झुंजत नाहीत, ते गच्चीवर बांधलेले असतात. हौस फिटते, वजन वाढतं, भाडेकरूला घरमालक दम देतो आणि मग एखाद्या पहाटे टेकडीच्या पायथ्याशी किंवा महामार्गावर गळ्यात अजून पट्टा असलेलं कुत्रं सापडतं.

जुलै २०२२ मध्ये लखनौत ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा घरातल्याच पिटबुलच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात हणजुणे इथे सात वर्षांचा मुलगा गेला. या घटनांना ‘गैरसमज’ म्हणून बाजूला सारणारा प्राणिप्रेमी मला सहन होत नाही. पण या दोन मृत्यूंच्या मधे, १२ मार्च २०२४ ला, केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने जे परिपत्रक काढलं तेही उपाय म्हणून कच्चंच होतं. पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह २३ जातींची आयात, पैदास, विक्री थांबवा आणि जी घरात आहेत त्यांची नसबंदी करा, एवढाच त्याचा मथितार्थ. त्या यादीत अशीही नावं होती की ती कुत्री भारतात क्वचितच कुणी पाहिली असतील. एप्रिलमध्ये आधी कर्नाटक आणि मग दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं ऐकून न घेता असा निर्णय घेता येणार नाही, असं म्हणत.

परिपत्रक एका महिन्यात गेलं, पण धास्ती राहिली. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ते अजून फिरतं, रद्द झाल्याची बातमी फिरत नाही. आणि सोडून दिलेल्या पिटबुलला आपल्याकडे जागाच नाही. भटक्या कुत्र्यांसाठी नसबंदी करून पुन्हा त्याच जागी सोडायचा नियम आहे, पण जन्मभर गच्चीवर राहिलेलं कुत्रं रस्त्यावर दोन दिवसही टिकत नाही. रस्त्यावरची टोळी त्याला फाडते किंवा ते टोळीतल्या कुणाला तरी फाडतं. पालिकेचा कोंडवाडा हा उपाय नव्हे. उरतात चार-दोन हौशी माणसं: कुणी आपल्या शेडमध्ये ठेवतं, कुणी डॉक्टरकडे उधारी करून नसबंदी करतं, कुणी फोनवर फोन करत राहतं. ‘घरात लहान मूल आहे का? दुसरं कुत्रं? गेट किती उंच? दिवसा घरी कोण असतं?’ एवढं विचारल्यावर निम्मे लोक चिडून फोन ठेवतात. ठेवू देत. चुकीच्या घरात गेलेलं कुत्रं परत येतं तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त बिघडून येतं. व्हिकच्या कुत्र्यांमागे नऊ लाख डॉलर आणि न्यायालयाने नेमलेली प्राध्यापक होती. इथे एका डॉक्टरकडची उधारीची वही असते.

आणि व्हिक? शिक्षा भोगून तो २००९ मध्ये बाहेर आला, फिलाडेल्फियाच्या संघात परत खेळला आणि २०१० च्या हंगामात दणक्यात पुनरागमन केल्याचा पुरस्कारही मिळवला. कुत्र्यांच्या झुंजींविरुद्ध तो शाळकरी मुलांपुढे बोलत फिरला, तेही ह्यूमेन सोसायटीबरोबर, म्हणजे ज्या संस्थेने त्याची कुत्री मारायला सांगितली होती तिच्याच सोबत. त्याच संस्थेने २००९ मध्ये आपलं धोरण बदललं. नॉर्थ कॅरोलिनात एका झुंजीच्या अड्ड्यावरची शंभराहून अधिक कुत्री, पिल्लांसकट, मारली गेली आणि ओरड झाली, त्यानंतर. आता झुंजीतल्या कुत्र्यांनाही एकेक करून पाहायचं, असं ठरलं. म्हणजे मालकाला आणि धोरणाच्या कागदावर कुत्र्यांना दुसरी संधी एकाच वर्षी मिळाली.

४७ मधला शेवटचा होता फ्रोडो. छाप्याच्या वेळी पिल्लू होता. कॅलिफोर्नियात एका कुटुंबात वाढला, आयुष्यभर जरा भित्राच राहिला आणि डिसेंबर २०२१ मध्ये वयाच्या पंधराव्या वर्षी गेला.

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक पिटबुल होता. नाव बबड्या. लिफ्टचं दार उघडलं की तो आधी दिसायचा आणि मग त्याला धरलेला मुलगा, “काका, काही करत नाही हो,” म्हणत. मी दर वेळी म्हणायचो, “तू जा बाबा, मी जिन्याने येतो.” कुत्र्यांवर एवढं वाचूनही मी त्याच्यासोबत लिफ्टमध्ये कधी गेलो नाही, हे इथे सांगून टाकतो. परिपत्रकाच्या महिन्यात सभा झाली, आवाज चढले. मुलाने बबड्याला मुळशीकडे शेतावर राहणाऱ्या आत्याकडे पाठवलं. जाण्याआधी लसीकरणाचं नवं कार्ड करायला तो डॉक्टरांकडे गेला, योगायोगाने मी आमच्या मांजरीला घेऊन तिथेच बसलो होतो. कंपाउंडरने पेन उचललं.

“जात?”

मुलगा थांबला. बबड्या थंडगार फरशीवर पोट टेकून, पाय पसरून झोपला होता, घावनासारखा.

“मिक्स लिहा,” मुलगा म्हणाला. कंपाउंडरने एकदा बबड्याच्या जबड्याकडे पाहिलं, एकदा मुलाकडे, आणि लिहिलं.